हात बसेपर्यंत



आम्ही कोथरूडहून बोलतोय. टेकडीच्या उतारावर आमची वस्ती आहे आणि तिथेच आमचा बारा जणींचा बचत गट. कुणी चार घरी स्वयंपाक करते, कुणी धुणंभांडी, कुणी शिवणकाम. एरवी या कार्यक्रमात आम्ही हप्ते, व्याज, बँकेचं पासबुक असलंच बोलतो. आज मात्र ढोलाबद्दल बोलणार आहोत. ढोल शिकताना आम्हाला जे कळलं, ते गावाकडच्या भजनी मंडळाला, लेझमीच्या पथकाला, हलगी वाजवणाऱ्या मुलीलाही उपयोगी पडेल असं वाटतं.

पुण्यात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी गेलात, तर संध्याकाळी ढोल-ताशांचा आवाज कानावर येतो. म्हात्रे पुलाच्या आसपास, डीपी रस्त्याच्या बाजूला एकेक पथक सराव करत असतं. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी ही आवड मध्यमवर्गात रुजवली आणि आज हजारो मुली कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत उभ्या राहतात. आम्ही ते कामाला जाता-येता बघायचो. एकदा गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "आपण का नाही?"

प्रश्न सोपा होता, पुढचं अवघड होतं. जुने चार ढोल, दोन ताशे आणि झांजा यांचे मिळून २४ हजार रुपये होत होते. गटाच्या बचतीतून कर्ज काढायचं ठरलं. महिन्याला दोन हजार मुद्दल, वर व्याज, बारा हप्ते. दोघींनी विरोध केला. त्यांचंही बरोबरच होतं. ही बचत मुलांच्या फीसाठी आणि दुखण्याखुपण्यासाठी आहे, वाजवण्यासाठी नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी लिहून ठेवलं की वादनातून पैसे आले नाहीत, तर प्रत्येकीनं आपल्या पगारातून भरायचे. घरोघरी बोलणीही बसली. "बाईमाणसानं ढोल बांधायचा का?" हे तर सगळ्यांनी ऐकलं.

वैशाखात ढोल आले. आम्ही रविवारी तीन-तीन तास वाजवायचो. घामाघूम व्हायचो, हाताला फोड यायचे आणि आपण खूप सराव केला असं वाटायचं. गणपतीच्या आगमनाला वस्तीतल्याच मंडळापुढे पहिल्यांदा उभं राहिलो. पैसे नव्हते, नारळ मिळणार होता. चढाच्या रस्त्यावर पाच मिनिटांत ढोल ताशाच्या पुढे पळाले, ताशेवाल्या गोंधळल्या आणि सगळं मध्येच थांबलं. कुणीतरी हसलं. परत सुरू केलं, पण मन उतरलं होतं.

पुढच्या बैठकीला आमच्यातल्या वयानं मोठ्या एक काकू आल्या. त्यांनी टिपरू सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या वाट्याचे पैसे मी भरीन, पण मला यातून मोकळं करा. माझ्यामुळे बिघडलं."

आम्हीही मनातून तेच धरून बसलो होतो. त्या सगळ्यात हळू शिकत होत्या. पण एकीच्या मुलानं त्या दिवशी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते आम्ही तिथेच लावलं, डोळे मिटून नुसतं ऐकलं. मग परत लावलं आणि पाहिलं. पुढच्या रांगेतल्या आम्ही, गटात पुढाकार घेणाऱ्या, हात बदलताना घाई करत होतो. काकूंची डावी थाप कच्ची होती हे खरं, पण लय धरून त्याच होत्या. सगळ्या पळाल्यामुळे त्या मागे पडल्यासारख्या दिसल्या. त्यांना वाटलं आपलं चुकलं आणि आम्ही तसं वाटू दिलं.

त्या दिवशी आम्ही काकूंची माफी मागितली आणि सराव मुळापासून बदलला. काय बदललं, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट, रोज थोडं. रविवारचे तीन तास सोडले आणि रोजची वीस मिनिटं धरली. शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून आठवड्यात सहा वेळा शिकून सहा वेळा झोपलेलं बरं. दमल्यावर वाजवलेला तिसरा तास बहुतेक चुकाच पक्क्या करतो. पण बाईला रोजची वीस मिनिटं मिळणं हेच अवघड. आम्ही ती भांडी आवरल्यानंतरची धरली आणि घरात सांगून टाकलं की ही वीस मिनिटं आमची. कुणाला मिळाली, कुणाला भांडून घ्यावी लागली. एकीला अजूनही मिळत नाहीत, ती दहा मिनिटं आधी उठते.

दुसरी गोष्ट, आधी तोंडानं. थोर तबलावादक झाकीर हुसेन डिसेंबर २०२४ मध्ये गेले. ते सांगायचे की लहानपणी वडील उस्ताद अल्लारखाँ त्यांना पहाटे तीनला उठवायचे आणि तबल्याला हात न लावता बोल म्हणवून घ्यायचे. जे तोंडाला येत नाही, ते हाताला कुठून येणार? आम्ही टिपऱ्याला 'टिप' म्हणतो आणि हाताच्या थापेला 'थाप'. टिप-थाप, टिप-थाप-थाप. भाकरी थापताना, बसची वाट बघताना म्हणायचं. याला ढोल लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

तिसरी गोष्ट, घड्याळ. भिंतीवरच्या साध्या घड्याळाचा काटा मिनिटाला ६० वेळा टिकटिक करतो. हा आमचा फुकटचा गुरू. आधी एका टिकीला एक ठोका, दोन मिनिटं. मग एका टिकीला दोन, मग तीन. मग परत दोन, परत एक. चढणं सगळ्यांना आवडतं. उतरताना, म्हणजे तीनावरून दोनावर येताना, हात घसरतो. आम्ही मिरवणुकीत तिथेच पडलो होतो. घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही आणि आपल्यावर रागावतही नाही, म्हणून चूक लगेच कळते.

चौथी गोष्ट, हळू. नवा हात शिकताना तो इतका हळू वाजवायचा की चुकताच येणार नाही. लागोपाठ तीनदा बरोबर आला की थोडा वेग वाढवायचा. एकदा चुकला की परत खाली. पहिल्या आठवड्यात हे फार कंटाळवाणं वाटतं. पण चुकीचं शंभरदा वाजवलं, तर हाताला चूकच पाठ होते आणि ती नंतर काढायला दुप्पट वेळ जातो. उसवून परत शिवणाऱ्या बाईला हे सांगायला नको.

पाचवी गोष्ट, अडतं तेवढंच. आपण काय करतो, तर जे येतं तेच परत परत वाजवतो. कारण ते ऐकायला छान वाटतं. आम्ही ठरवलं की वीसपैकी दहा मिनिटं फक्त अडलेल्या तुकड्याला. तो तुकडा चार ठोक्यांचा असला, तरी तेवढाच. काकूंनी महिनाभर नुसत्या डाव्या हाताची थाप केली. जेवढं उजव्याला, त्याच्या दुप्पट डाव्याला. शेवटची पाच मिनिटं मात्र आवडीचं वाजवायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटत नाही.

सहावी गोष्ट, हात सैल. फोड आले की आम्हाला अभिमान वाटायचा. खरं म्हणजे टिपरू आवळून धरल्यामुळे ते येत होते. टिपरू पडणार नाही इतपतच धरायचं आणि पानावर आपटून ते उसळतं, त्याला उसळू द्यायचं. जोर मनगटातून येऊ द्यायचा. खांदा वर चढला, दात आवळले गेले, की थांबायचं आणि श्वास सोडायचा. ढोल कमरेला घट्ट बांधायचा, गुडघे ताठ ठेवायचे नाहीत. ज्यांची कंबर दुखते, त्यांनी आधी ढोल खाली ठेवून, बसून सराव करावा. त्यात कमीपणा नाही.

इथेच कानांचंही सांगतो. आवाज ८५ डेसिबलचा असेल, तर दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो. पण १०० डेसिबलला पंधरा मिनिटांतच कानाची मर्यादा संपते, आणि ढोल-ताशाच्या मधोमध उभं राहिलं की आवाज याच्याही वर जातो. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. कापसाचा बोळा पुरत नाही. औषधाच्या दुकानात कानात घालायचे बोळे मिळतात, ते वापरा. घरचा सराव आम्ही उशीवर करतो. उशी टिपरू परत फेकत नाही, त्यामुळे मनगटाला चांगला व्यायाम होतो. शेजारी झोपू शकतात आणि भांडणही होत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवायचं नाही, हा तर कायदाच आहे. पण उशीवरच राहू नका. आठवड्यातून दोनदा खऱ्या ढोलावर, सगळ्यांनी मिळून वाजवायलाच हवं.

सातवी गोष्ट, ऐकणं. दर शनिवारी पाच मिनिटं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो आणि लगेच ऐकतो. वाजवताना आपण चांगलं वाजवतोय असंच वाटतं, ऐकल्यावर खरं कळतं. ऐकताना एक नियम पाळतो. आधी प्रत्येकीनं स्वतःची चूक सांगायची. दुसरीची चूक सांगायची असेल, तर ती कुठे झाली आणि काय करून बघायचं, एवढंच सांगायचं. "तुला जमत नाही" हे वाक्य आमच्यात बंद आहे. त्याऐवजी "अजून हात बसला नाही" असं म्हणतो. आपल्या आज्या हेच म्हणायच्या. भाकरी वाकडी झाली, की पोरीला 'हात बसेल' म्हणायच्या आणि पुढचा गोळा हातात द्यायच्या.

दोघींनी एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालताना तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. एकीचं वर, दुसरीचं खाली. एकीनं घाई केली, तर मुसळं आपटतात. तिथे कुणी कुणापेक्षा हुशार नसतं, एकमेकींकडे लक्ष असतं. पथकातही तसंच. ताशा इशारा देतो, ढोल त्याच्यामागे जातात. आपल्या ढोलापेक्षा शेजारणीचा ढोल जास्त ऐकू आला पाहिजे.

बायकांनी चर्मवाद्य वाजवणं नवं आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांचं नाव सांगा. एकल तबलावादन करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. २०१२ मध्ये त्या गेल्या.

आमचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. महिनाभरानं देवीच्या मिरवणुकीत आम्ही परत उभ्या राहिलो. या वेळी तीन हजारांची सुपारी होती. काकूंना पहिल्या रांगेत मधोमध घेतलं आणि बाकीच्यांनी त्यांच्या हाताकडे बघत वाजवलं. एकदा चुकलो. पण थांबलो नाही, ताशाकडे कान देऊन परत जुळवून घेतलं. बारापैकी पाच हप्ते फिटलेत, सात बाकी आहेत. विरोध करणाऱ्या दोघींपैकी एक आता झांज वाजवते. दुसरी अजून हिशोब तपासते, आणि ते गटासाठी चांगलंच आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात ढोल नसेल, तर उशी, लाटणं आणि भिंतीवरचं घड्याळ घ्या. या आठवड्यात रोज दहा मिनिटं, एका टिकीला एक ठोका. मृदंग असो, टाळ असो, हलगी असो, रीत हीच. आणि तुमच्यात कुणी मागे पडलेली वाटत असेल, तर तिला काढून टाकण्याआधी एकदा सगळ्या मिळून नीट ऐका. कदाचित लय तिच्याकडेच असेल.