फाळक्यांना दिसलेलं गोकुळ

आपल्या निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकातच दादासाहेब फाळके १८७० साली जन्मले. वडील संस्कृतचे शास्त्री, पुराणकथा घरातच. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त, अन् यांच्या डोळ्यांपुढे गोकुळ, अयोध्या! पुढे 'नवयुग' मासिकात हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आम्हा टाळकऱ्यांना त्याचं नवल नाही. कीर्तनात बुवा काल्याचं सांगू लागले की आम्हालाही गोपाळ दिसतातच की. पण दिसलेलं दुसऱ्याला दाखवायचं, तर घर पणाला लागतं. विम्याची पॉलिसी गहाण पडली, डोळे काही काळ अधू झाले, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्या माउलीनं फिल्मच्या कडेला भोकं पाडली, कामावरच्या मंडळींना रांधून वाढलं. आम्ही तर आधी त्यांचंच नाव घेतो. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. मग फाळके नाशकात आले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली त्यांचीच लेक, मंदाकिनी. आपल्या काल्यात गावातलंच एखादं पोर कृष्ण होतं ना, तस्सं.