वरिष्ठांची एक कसोटी



चांगला वरिष्ठ कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखण्याची एकच कसोटी आम्ही आज आपणांपुढे ठेवतो : चूक झाल्याचे सांगत आलेल्या माणसाला तो कसे वागवितो?

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, तंटे आणि सदोष माल यांमुळे तो बदनाम झाला आणि १९८२ साली बंद पडला. ठपका अर्थात कामगारांवर आला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच, संघटनाही तीच. पण थोड्याच काळात तेथील मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या निघू लागल्या.

मग बदलले काय? जुळणीची रांग थांबविणे हा पूर्वी अपराध होता. आता रांगेवर दोरी आली. दोष दिसताच कामगाराने ती ओढावी. दोष वेळेत निघाला नाही, तर सारी रांग थांबावी. दोरी ओढताच गटप्रमुख धावून येई, तो अपराधी हुडकायला नव्हे, अडचण सोडवायला.

दोरी काय, कोणीही बांधील! ती ओढण्याचा धीर मात्र वरिष्ठाच्या वागणुकीतूनच येतो. आपणही कोणाचे ना कोणाचे वरिष्ठ आहोत. उद्या हाताखालचा माणूस चाचरत पुढे आला, तर आपला पहिला शब्द कोणता असेल? त्या शब्दावरूनच ठरेल, पुढची चूक आपल्याला कळणार की आपल्यापासून लपविली जाणार.