एक डोळा झाकून बघा

आज चौक, पाली, उत्तनच्या साठीपुढच्या मंडळींशी आणि त्यांच्या मुला-सुनांशी बोलायचं आहे.

मोतीबिंदू तुम्हाला समजावून सांगायला नको. नजर मंदावली की घरोघरी एकच बोलणं, "मोती पिकू दे, मग ऑपरेशन करू." मोतीबिंदू थोडा थांबला तरी चालतं, काढला की दिसतं. पण डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधला पीतबिंदू वयानं झिजत असेल, तर तो तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून आधीच सांगते, एक डोळा झाकून बघा. मग दुसरा.

आपलं डोलजाळं आठवा. तोंडाकडे वीण मोठी, पुढे बारीक होत जाते आणि टोकाला खोला. बोंबील असो की जवळा, हाती लागतो तो खोल्यात. डोळ्याचा पडदा असाच आहे. कडेला वीण विरळ आणि मध्ये, पाचेक मिलिमीटरच्या पीतबिंदूत, सगळ्यात दाट. अक्षर, चेहरा, सुईचं नेढं, सारं या खोल्यात सापडतं.

सुरुवातीला पडद्याखाली पिवळसर कण साचतात, खोल्याला गाळ धरावा तसे. माणसाला काहीच कळत नाही. थेंब घालून बाहुली मोठी केली, तरच डॉक्टरला दिसतात. पुढे कण मोठे होतात, मंद उजेडात वाचणं जड जातं. बरेच जण इथेच वर्षानुवर्षं राहतात. काहींचा आजार मात्र पुढे सरकतो, आणि त्याच्या दोन वाटा आहेत. कोरड्या प्रकारात खोल्याचा धागा हळूहळू विरतो, वर्षं लागतात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, पाणी आणि रक्त झिरपतं, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत खोला फाटतो. ओला प्रकार दहा रुग्णांत एखाद-दुसऱ्यालाच होतो, पण नजर जास्त तोच नेतो.

खोला फाटला तरी बाकीचं जाळं शाबूत असतं. म्हणून असा माणूस आपल्या धारावी किल्ल्यावरून खाडीपलीकडची वसई दाखवतो, आणि शेजारी उभ्या नातवाचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. घरचे म्हणतात, "बाबांना दिसतंय की." बाबांना बोल लावू नका, तपासायला न्या.

आता पुन्हा तेच, एक डोळा झाकून बघा. एका होडीची दोन जाळी असली, की एकाचा खोला फाटल्याचं कळत नाही, दुसरं भरून येतं. दोन डोळ्यांचंही तसंच. चांगला डोळा उणीव झाकतो, आणि महिने निघून जातात. म्हणून आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी एकेका डोळ्यानं बघा. रेघ वाकडी दिसली, मधला आकडा पुसट झाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरनं तपासणीसाठी काढलेला कागदही असाच चौकटींचा आहे.

घाई कशासाठी? ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, २०१५ पासून त्यातल्या एका औषधाचा भारतात बनलेला स्वस्त पर्यायही आहे. इंजेक्शन झिरपणं थांबवतं, काहींची नजर थोडी सुधारतेही. पण मेलेली पेशी परत येत नाही. आणि एका इंजेक्शनानं भागत नाही. सुरुवातीला बहुधा दरमहा, तीन वेळा, मग डॉक्टर सांगतील तसं. "आता बरं दिसतंय" म्हणून मध्येच सोडून देतात, तेव्हा मला खरंच राग येतो.

विडी-सिगारेट सोडा, धोका वाढवणारी आणि आपल्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. उन्हाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या ८३८ दर्यावर्दी लोकांची तपासणी झाली होती. ज्यांचा आजार फार पुढे गेला होता, त्यांच्या डोळ्यांवर आधीची वीस वर्षं प्रखर उजेड जास्त पडला होता, असं १९९२ मध्ये छापून आलं. असे रुग्ण तिथे थोडेच होते, म्हणून हा पुरावा विडीइतका पक्का नाही. तरी होडीवर टोपी घालायला काय हरकत आहे? आणि रोज मासे खातो म्हणून आपल्याला होणार नाही, असं मानू नका.

गोळ्यांबद्दल विचारतात. जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या ठरावीक गोळ्यांनी मधल्या, म्हणजे कण मोठे झालेल्या, पायरीवरच्यांचा पुढे जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्श्यानं कमी होतो. पहिल्या पायरीवर उपयोग नाही. विडी ओढणाऱ्यांनी तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पण आज घरी आई-वडिलांना कॅलेंडरसमोर उभं करा. एक डोळा झाकून. मग दुसरा.