गिऱ्हाइकाच्या मनाचे माप



दुकानदाराने आपल्याला विचारले, "माल स्वस्त हवा की टिकाऊ?" तर आपण काय सांगतो? "दोन्ही!" चूक आपली नव्हे, प्रश्नाची आहे. सुटा विचारला तर प्रत्येक गुण हवासाच वाटतो. मनाचा खरा कौल कळतो तो एक मिळवण्यासाठी दुसरे सोडावे लागते तेव्हा.

या साध्या अनुभवावर एक मापनपद्धती उभी आहे. लूस आणि ट्यूकी यांनी १९६४ साली तिचा गणिती पाया घातला. १९७५ साली ग्रीन आणि विंड या अमेरिकन प्राध्यापकांनी गालिच्यावरील डाग काढणाऱ्या औषधाचे उदाहरण देऊन ती व्यापाऱ्यांना समजावली. तीन वेष्टने, तीन नावे, तीन किमती. शिवाय प्रशस्तीची मोहोर आणि पैसे परत देण्याची हमी असावी की नसावी. गुणाकार केला तर १०८ नमुने होतात. इतके कोण पारखणार? पण आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात ज्या समतोल मांडण्यांचे गणित दिले, तशा मांडणीने अवघे १८ नमुने पुरले. गिऱ्हाइकाने ते आवडीच्या क्रमाने लावायचे. त्या क्रमावरून प्रत्येक गुणाचे वजन गणिताने काढायचे. न विचारताच उत्तर मिळते!

मग यात धोका कोठे आहे? आम्हाला दोन दिसतात. पहिला सरासरीचा. निम्म्यांना कढत चहा हवा, निम्म्यांना बर्फाचा. सरासरीने कोमट चहा केला तर तो कोणीच पिणार नाही. म्हणून वजने माणसागणिक पाहावी लागतात.

दुसरा धोका अधिक खोल आहे. कार्डावर जो गुण लिहिलाच नाही, त्याचे वजन होतच नाही. वस्तू घरच्या घरी दुरुस्त व्हावी, ही आपली इच्छा कोणी कार्डावर मांडलीच नाही, तर उद्या कारखानदार म्हणेल, "लोकांनी ते मागितलेच नाही." तराजू खोटा नसतो, पण पारड्यात काय घालायचे ते तराजूवाला ठरवतो.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे की, कोणी अशी कार्डे पुढे ठेवली तर खुशाल क्रम लावा. पण उठण्यापूर्वी त्यांत काय नाही, तेही सांगून या.