ज्याची त्याची वाट



रविवारची उपासना आटोपते, मंडळी मंदिराबाहेर येतात आणि फाटकाशी घोळक्याने उभी राहतात. कोणाची प्रार्थना किती रंगली, कोणाला शास्त्रवचने किती पाठ आहेत, कोण दानपेटीत किती टाकतो, याचा हिशेब तेथे सुरू होतो. त्यात निंदाच असते असे नाही. पुष्कळदा मनुष्य दुसऱ्याकडे पाहून स्वतःच खचतो. ‘त्यांच्यासारखी श्रद्धा आपल्याला कधी यायची!’ असे मनाशी म्हणत घरी जातो.

ही खोड जुनी आहे. पेत्राचेच पाहा ना. येशूला धरून नेले त्या रात्री, बाकीचे सगळे डळमळले तरी मी डळमळणार नाही, अशी ग्वाही त्याने दिली होती. म्हणजे आपली निष्ठा त्याने इतरांच्या निष्ठेशेजारी ठेवून मोजली. आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा त्याने आपल्या गुरूची ओळख नाकारली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या, म्हणजे २१ व्या अध्यायात सरोवराच्या काठी दोघांची पुन्हा गाठ पडते. इतरांहून तुझे प्रेम अधिक आहे का, असे येशू विचारतो. पेत्र प्रेमाची कबुली देतो. पण ‘इतरांहून’ हा शब्द आता उच्चारीत नाही. ठेच लागून तेवढे शहाणपण आले आहे. मात्र सवय का एकदम सुटते? पुढे कसले मरण वाट्याला येणार हे ऐकताच तो मागे वळतो आणि पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या शिष्याकडे पाहून, याचे काय होणार, असे विचारतो. त्याची चौकशी तुला कशाला, तू आपला माझ्यामागून चालत राहा, असा त्याला मिळालेल्या उत्तराचा भावार्थ आहे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला चालले होते. त्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर मात्र आकाश कोसळले. पतीपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या नगर भागात आल्या, तरी आपली चूल वेगळी ठेवून सोवळे सांभाळीत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मग एकदा विचार करता करता जातीभेद हा माणसानेच केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना आतून पटले, आणि शिवाशिव सुटली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली; नवऱ्यानंतर तब्बल पाच वर्षांनी.

आता सांगा, दोघांत पुढे कोण आणि मागे कोण? एकाला वाट सापडली ती पुस्तकाच्या पानांतून; दुसरीला ती सापडली चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी. नवऱ्याने केले म्हणून तेव्हाच त्यांनी मान तुकवली असती, तर ती पतिनिष्ठा झाली असती; श्रद्धा ती कशी म्हणावी? १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे लिहिण्याचे काम हाती घेतले ते याच लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या बाईंनी!

पंडिता रमाबाईंची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तेथील वडीलधाऱ्यांनी धर्ममतांचा आग्रह धरला, तेव्हा आपल्या सदसद्विवेकाला पटेल तेवढेच आपण मानू, असे त्यांनी नम्रपणे पण ठामपणे कळवले. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त भेटला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शेजारच्या बाकावरच्या बाईंकडे पाहून त्यांनी तो काळ मोजला असता, तर त्या निराशच झाल्या असत्या.

कोणी म्हणेल, मग दुसऱ्याकडे पाहायचेच नाही काय? तसे नव्हे. पेत्राला येशूने काम सोपवले ते कळपाची काळजी वाहण्याचे, म्हणजे दुसऱ्यांचेच. थकलेल्याला हात द्यावा, अनुभवी माणसापासून शिकावे. फक्त त्याच्या पावलांनी आपली पावले मोजू नयेत. त्याच्या खांद्यावर ओझे किती, आणि तो निघाला कोठून, हे आपल्याला कोठे ठाऊक असते?

तेव्हा येत्या रविवारी फाटकाशी थांबाल, तर शेजाऱ्याची खुशाली अवश्य विचारा. त्याची श्रद्धा मोजू नका, आणि आपलीही नको. आज माझ्या वाट्याला कोणते काम आले आहे, एवढे स्वतःला विचारा आणि घरी जाऊन त्याला लागा. प्रार्थनेत दोनच वाक्ये सुचली, तर तेवढीच मनापासून म्हणा. ऐकणाऱ्याला ती पुरतात.