ब्रह्मकमळाचे पान



मंडळाने मला बागेविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा डोळ्यांपुढे एकच झाड उभे राहिले. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, ते. खरे ब्रह्मकमळ हिमालयाच्या उंचीवर फुलते. आपल्या कुंडीतले हे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे एक निवडुंग. पण रात्री दहाच्या सुमारास ते उमलू लागले आणि शेजारीपाजारी जमले, की ही नावाची चूक कोणालाही दुरुस्त करावीशी वाटत नाही.

याचे पान म्हणजे वस्तुतः चपटी फांदी. म्हणूनच तिच्या कडेच्या खाचेतून कळी येते. पक्की, जून फांदी स्वच्छ, धारदार सुरीने कापावी. मग, आणि येथेच आपण उतावीळ होतो, ती लगेच मातीत खुपसू नये. पाच-सात दिवस सावलीत ठेवावी, म्हणजे जखमेवर खपली धरते. ओल्या जखमेतून कुज शिरते. नंतर वाळू व पाल्याचे खत मिसळलेल्या मातीत, बुडखा खाली ठेवून, बोटभर खोल लावावी. पाणी बेताने. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. फुलासाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

मूळ झाडाचा विचार मात्र कोणी करीत नाही. मीही केला नाही. सासूबाईंनी पुण्याहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या एका पानाचे ते झाड आमच्या राइट टाउनच्या ओसरीत वाढले. मागेल त्याला मी पान देत गेले. एका आषाढात तर आठवड्यात पंधरा पाने उतरविली. जखमा ओल्या, कुंडीत इकडची चिकट काळी माती, वरून पागोळ्यांची धार. पंधरवड्यात सारे झाड बुडापासून मऊ पडले. अरण्यात ते वृक्षांच्या खोडांवर वाढते, त्याच्या मुळांना वारा लागतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

आता मी फाल्गुनातच कापते, तीही एका वेळी दोन-तीन पाने. जखमेवर कोळशाची पूड, चार-सहा दिवस पाणी बंद. ज्येष्ठातली लू लागू नये म्हणून कुंडी पूर्वेच्या सावलीत. कळ्या दिसल्या की तिला हलवीत नाही.

झाड गेले तेव्हा सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी एवढेच विचारले, "पहिलं पान कुणाला दिलं होतंस ग?" दोन गल्ल्या पलीकडचे ते घर. तिथल्या बाईंनी पान कापले, पण आठवडाभर सुकवून मगच माझ्या हाती दिले.