पायवाट जिथे संपते

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी केंद्र सरकारचा नोकर. ज्या कागदावर क्रमांक नाही, तो कागद आमच्या लेखी नसल्यातच जमा. हीच दृष्टी घेऊन मी २७ वर्षे भिलाईत राहिलो आणि ती इथे चालूनही गेली, कारण इथे सेक्टरला क्रमांक, रस्त्याला क्रमांक, घरालाही क्रमांक. वाट चुकण्याची सोयच नाही!

ती चुकलो गेल्या फाल्गुनात. मंडळातले आम्ही पाचजण दुर्गहून गाडीने दल्ली-राजहराला गेलो. खाणींचे क्षेत्र सोडून पलीकडच्या रानातला डोंगर चढावा, असा बेत होता. खालून एक चांगली मळलेली पायवाट निघाली होती. सोंडेवर पोहोचल्यावर तिला फाटे फुटले. आम्ही एक धरला. तो एका झाडाखाली अचानक संपला. परतून दुसरा धरला, त्याचीही तीच गत. तिसऱ्यानंतर आपण आलो कुठून, हेही कळेना. पाणी संपत आले होते आणि पुढारीपण माझ्याकडे होते.

तेवढ्यात टोपली घेतलेली एक वृद्धा दिसली. "रद्दा भुला गेव का?" तिने विचारले. मी माझ्या कचेरीतल्या हिंदीत उत्तर दिले. तिला ते अर्धवटच उमगले असावे. ती हसली आणि तिने झाडाखाली बोट दाखविले. पाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली होती आणि तीवर मोहाची फुले पडली होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाट तिथे हरवली नव्हती, पोहोचली होती! रात्री गळणारी फुले पहाटे वेचायला जाणाऱ्या पावलांनी तो प्रत्येक फाटा पाडला होता. प्रत्येक झाड कोणत्या घराचे, हे गावाला ठाऊक असते. दिशादर्शक पाटी लागते ती परक्याला.

तिने आम्हांला ओढ्यापर्यंत आणून सोडले. निरोप घेताना मला धड दोन वाक्ये तिच्या बोलीत बोलता आली नाहीत. सत्तावीस वर्षांत मी ती शिकलो नव्हतो. त्या दिवशी मला खरी लाज वाटली ती वाट चुकल्याची नव्हे, याची.

मित्रहो, ज्या डोंगराळ टापूत आम्ही वाट चुकलो, त्याच्याशी आपल्या मुलखाचे जुने नाते आहे. १९०३ मध्ये दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड लोखंडासाठी चांदा जिल्ह्यातील लोहारा भागात हिंडले. तिथे निराशा झाली. ती वार्ता सांगण्यासाठी दोराबजी नागपूरला गेले. अधिकाऱ्याची भेट व्हायला अवकाश होता, म्हणून सहज संग्रहालयात शिरले. आपण ज्याला अजब बंगला म्हणतो, तेच ते. तिथल्या भूस्तरीय नकाशावर त्यांना दल्ली-राजहराच्या टापूतील लोहखनिजाची खूण दिसली. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस यांनी त्यापूर्वीच या खनिजाची नोंद केली होती. दोघे इथे आले, खनिज उत्तम निघाले. परंतु कारखान्याला लागणाऱ्या इतर गोष्टी जुळेनात. अखेर टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. इथले खनिज वाट पाहत राहिले. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्या भट्टीच्या उजेडात आपली बिऱ्हाडे आली.

ही कथा सांगताना आपण नकाशापासून आरंभ करतो. परंतु नकाशा काढणाऱ्यालाही डोंगरावर कोणीतरी वाट दाखविलीच असेल! त्या वाटाड्यांची नावे आपल्या स्मरणिकांत येत नाहीत.

मंडळाने आपल्याला पन्नास वर्षे मराठी राखायला शिकविले. हे ऋण मोठे आहे. आता थोडे पुढे जाऊ या. येत्या वर्षी आठवड्यातून एक संध्याकाळ आपण इथली छत्तीसगढी बोली शिकावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिला विद्यार्थी म्हणून माझे नाव लिहून घ्या.

पुढच्या फाल्गुनात मी त्या डोंगरावर पुन्हा जाणार आहे. ती भेटली, तर निदान "दाई, तोर गाँव कोन डहर हे?" एवढे तरी मला न अडखळता विचारता यावे.